जपलेली क्रूझर स्वतः विकताना

या वेळच्या टपालात एकाच विषयाची पत्रं जास्त आहेत: घरची, नीट सांभाळलेली क्रूझर, म्हणजे खाली सीटची जड मोटरसायकल, मधल्या माणसाला न देता स्वतः विकायची तर कशी? माझं रोजचं काम खरं तर पलीकडच्या बाजूचं. जुनी गाडी घ्यायला निघालेली माणसं मला सोबत नेतात आणि मी ती तपासून देते. त्यामुळे खालची उत्तरं विकणाऱ्यांना दिलेली असली, तरी त्यांत नजर घेणाऱ्याची आहे. विकणाऱ्याला तिचाच उपयोग जास्त होईल असं मला वाटतं, म्हणून या महिन्याचं पूर्ण सदर याच विषयाला दिलं आहे.

प्रश्न: ताई, माझ्याकडे यामाहाची ड्रॅगस्टार 650 आहे. पहिल्यापासून माझ्याच हातातली. कधी उघड्यावर ठेवली नाही, दर रविवारी पुसतो, क्रोम अजून नव्यासारखं आहे. डीलरनं सांगितलेला आकडा ऐकून मात्र वाईट वाटलं. स्वतः विकली तर निगेचे पैसे मिळतील का? आणि किंमत कशी ठरवू?

उत्तर: मिळतील. तुम्ही ज्या चकाकीबद्दल लिहिलं आहे तिच्यामागे वर्षानुवर्षं जे काम झालं, त्याचे मिळतील. आणि ते काम समोरच्याला दाखवता आलं तरच.

आधी डीलरबद्दल. त्याच्यावर रागावू नका. तो गाडी घेतो ती पुढे विकायला. तोवर ती त्याच्या जागेत उभी राहणार, त्याचे पैसे अडकून पडणार, टायर-बॅटरी त्यालाच बदलावी लागणार, आणि विकल्यावर गिऱ्हाईक तक्रार घेऊन आलं तर तीही त्यालाच ऐकावी लागणार. हे सगळं तो तुमच्या आकड्यातून आधीच वजा करतो. मॉडेल, वर्ष, किलोमीटर, कितवा मालक, एवढ्यावर त्याचा हिशेब चालतो. रविवारच्या पुसण्याला त्यात रकाना नाही. स्वतः विकलीत तर वजा होणारे पैसे तुमच्याकडे राहतील, पण फोन, भेटी, ट्रायल आणि कागदपत्रं हे कामही तुमच्याच अंगावर येईल. ते करायची तयारी असेल तरच या वाटेला जा.

आता किंमत. जाहिरातीतला आकडा ही विकणाऱ्याची अपेक्षा असते. गाडी शेवटी कितीला गेली ते तिथे लिहिलेलं नसतं. म्हणून तुमच्याच मॉडेलच्या, आसपासच्या वर्षांच्या जाहिराती काही आठवडे बघत राहा. कोणती चार दिवसांत उतरली, कोणती तशीच पडून आहे, कुणी भाव खाली आणला, हे टिपून ठेवा. पटकन गेलेल्या गाड्यांचे आकडे म्हणजे बाजाराचा खरा पट्टा. निगेचे पैसे म्हणजे त्या पट्ट्याचं वरचं टोक, आणि तेवढं तुम्ही हक्कानं मागा. त्याच्याही वर गेलात तर गाडी कितीही सुंदर असली तरी फोन वाजत नाही.

ते वरचं टोक मिळवायचं तर बिलांची फाइल लागते. तुमची गाडी एअर-कूल्ड (हवेनं गार होणारी) व्ही-ट्विन, म्हणजे इंग्रजी V सारख्या दोन सिलिंडरची आहे, दोन कार्बोरेटरची (पेट्रोल आणि हवा मिसळणारे भाग), आणि मागच्या चाकाला ताकद चेनऐवजी शाफ्टमधून, म्हणजे फिरत्या दांड्यातून, जाते. अशी गाडी बघायला गेले की माझा पहिला प्रश्न मागच्या गिअरच्या ऑइलचा असतो. शाफ्टला चेनसारखं ताणणं-वंगण करणं नाही, म्हणून पुष्कळ मालकांच्या लक्षातच राहत नाही की मागच्या चाकाजवळच्या त्या गिअर केसमध्येही ऑइल आहे आणि तेही ठरावीक अंतरानं बदलायचं असतं. ज्याच्या वहीत त्या ऑइलची तारीख आणि किलोमीटर सापडतात, त्यानं बाकीचंही वेळच्या वेळी केलेलं असणार असं मी धरून चालते. आजवर हा अंदाज मला उपयोगी पडला आहे. त्यानंतर मी व्हॉल्व्हचं (इंजिनातल्या झडपांचं) अंतर कधी तपासलं, दोन्ही कार्बोरेटर एकमेकांशी कधी जुळवून घेतले आणि ब्रेक ऑइल कधी बदललं, ते विचारते. काही कामं तुम्ही घरी केली असतील तर ती कमी दर्जाची समजू नका. साध्या वहीत तारीख, किलोमीटर आणि काम लिहा, सामानाच्या पावत्या त्याच पानावर चिकटवा. अशा वहीवर माझा विश्वास लवकर बसतो.

गाडीजवळ पोचल्यावर मी काय बघते तेही सांगते, म्हणजे तुम्हाला आधी बघून ठेवता येईल. टायरच्या बाजूला लंबगोल चौकटीत चार आकडे असतात. 2319 असतील तर तो टायर 2019 सालच्या 23 व्या आठवड्यात तयार झाला. क्रूझर बहुतेक सरळ रस्त्यावर चालते, त्यामुळे टायर मधोमध झिजून सपाट होतो आणि कडा कोऱ्या राहतात. आणि गाडी कमी चालली असेल तर नक्षी खोल दिसते पण रबर कडक झालेलं असतं. घेणाऱ्याला नक्षी दिसते, मला तारीख दिसते. टायर जुने असतील तर जाहिरातीतच तसं लिहा आणि किमतीत ते धरा.

मग पुढचे फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या, धक्के झेलणाऱ्या दोन नळ्या. चकचकीत नळीवरून मी नख वरून खाली फिरवते. सील (ऑइल आत धरून ठेवणारं रबर) जिथे वरखाली होतं त्या भागात नखाला बारीकशी खाच जरी लागली, तरी तो गंजाचा खड्डा सीलची कड कापत राहणार आणि आज ना उद्या ऑइल गळणार. क्रूझरला बहुधा फक्त साइड स्टँड असतो, म्हणून पुढचं चाक उचलायला जॅक लागतो. चाक हवेत असताना हँडल हळूच डावीकडून उजवीकडे नेलं आणि बरोबर मध्यभागी ते अडखळलं, तर स्टिअरिंगचे बेअरिंग गेले. ब्रेक डिस्कवर तिची किमान जाडी कोरलेली असते, ती मोजता येते. फूटबोर्ड किंवा फूटपेगच्या टोकाखाली एक छोटा खिळा असतो. वळणात गाडी फार कलली की तो रस्त्याला घासून इशारा देतो. दोन्ही बाजूंचे खिळे झिजले असतील तर चालवणारा वळणांचा शौकीन आहे, एवढंच. पण एकाच बाजूला लिव्हरचं टोक, इंडिकेटर आणि सायलेन्सरची कड खरवडलेली असेल तर गाडी त्या बाजूला पडली आहे. विचारल्यावर मालक ते सरळ सांगतो की नाही, याकडे माझं लक्ष असतं.

सगळ्यात महत्त्वाचं, मी येणार असेन त्या दिवशी गाडी सुरू करून ठेवू नका. इंजिनाच्या बाहेरच्या फिन्सवर (गार होण्यासाठीच्या धातूच्या पट्ट्यांवर) मी हात ठेवते. त्या गार असल्या पाहिजेत. गरम इंजिन पुष्कळ दुखणी लपवतं. गार गाडीचा चोक (गार इंजिनाला जास्त पेट्रोल देणारी कळ) ओढून सेल्फ मारला की दोन-चार फेऱ्यांत ती पकडते की घरघरत राहते, सुरुवातीचा धूर कसला आहे, टॅपेटचा (झडपांच्या यंत्रणेचा) आवाज गरम झाल्यावर बसतो की वाढतो, चोक सोडल्यावर आयडल (उभ्या गाडीत इंजिनाचा संथ वेग) स्थिर होतो का, हे सगळं त्या पहिल्या पाच मिनिटांत कळतं. थंड हवेत सायलेन्सरमधून थोडी पांढरी वाफ निघून थांबली तर चिंता नाही. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय, काळा म्हणजे पेट्रोल जास्त जातंय. तुमची गाडी तुम्ही म्हणता तशी असेल तर ही पाच मिनिटं तुमच्या कुठल्याही वर्णनापेक्षा जास्त बोलतील. तेव्हा शांत उभे राहा आणि घेणाऱ्याला ऐकू द्या.

विकायच्या आधी धुवा, पुसा, पण एवढ्यावर थांबा. इंजिनाच्या खालच्या भागावर चमक आणणारे फवारे मारले की गळतीचे डाग झाकायला मारलेत असं वाटतं. सीटला आणि टायरला पॉलिश तर मुळीच नको; टायर जिथे रस्त्याला टेकतो तिथे ते लागलं तर ट्रायल घेणारा पहिल्याच वळणावर घसरेल.

प्रश्न: टाकीवर उजव्या बाजूला बोटभर लांबीचा ओरखडा आहे आणि सायलेन्सरचा पाइप इंजिनाजवळ निळा पडलाय. विकण्याआधी टाकी रंगवून घ्यावी का? फोटो कसे काढावेत?

उत्तर: टाकी रंगवू नका. कंपनीचा मूळ रंग आणि त्यावर एक ओरखडा, हे घेणाऱ्याला चालतं. नवा रंग दिसला की तो विचारतो, खाली काय होतं? अपघात झाला होता का, पोचा भरला होता का? त्या प्रश्नाचं तुम्ही कितीही खरं उत्तर दिलंत तरी शंका उरते. तो ओरखडा जवळून, स्वच्छ उजेडात, शेजारी बोट ठेवून फोटोत दाखवा. दोष तुम्हीच आधी दाखवलात की माणूस दोष शोधायला येत नाही, गाडी बघायला येतो. वाटाघाटीत तो ओरखडा पुढे करून पैसे पाडायचीही सोय राहत नाही. तो बघूनच तर तो आलेला असतो.

निळेपणाबद्दल: क्रोमचा पाइप उष्णतेनं निळा पडतो, आणि एका थराचा पाइप असेल तर चांगल्या गाडीतही पडतो. पण हवा जास्त आणि पेट्रोल कमी, असं मिश्रण झालं की तो जास्त पडतो. कार्बोरेटरची सेटिंग एकदा तपासून घ्या आणि पावती फाइलला लावा. मग तो निळेपणा फक्त दिसण्यापुरता उरतो.

फोटो सकाळच्या किंवा ढगाळ उजेडात काढा. भर उन्हात क्रोमवर इतकी चकाकी येते की बाकी काही दिसत नाही, आणि फ्लॅशनंही तेच होतं. मागे भिंत किंवा मोकळी जागा असू द्या. दोन्ही बाजू पूर्ण, पुढून, मागून, मीटर चालू करून किलोमीटर दिसतील असा, दोन्ही टायर, फोर्कच्या नळ्या, सीटची शिवण, आणि फाइल उघडून तिची दोन पानं. त्या पानांवरचा पत्ता आणि फोन नंबर आधी झाका. चेसिस नंबर जाहिरातीत टाकू नका. भेटायला येणारा खरा गिऱ्हाईक मागेल तेव्हा द्या.

मजकूर थोडका असावा. वर्ष, किलोमीटर, मालक किती झाले, शेवटची सर्व्हिस कधी आणि त्यात काय केलं, टायर कोणत्या सालचे, काय दोष आहे, का विकताय. बस. "एकदम मस्त कंडिशन" हे प्रत्येक जाहिरातीत असतं आणि ते कुणी वाचत नाही.

प्रश्न: ताई, बाबा गेल्यापासून त्यांची कावासाकी व्हल्कन 900 क्लासिक शेडमध्ये झाकून उभी आहे. तीन वर्षं झाली असतील. ते तिला फार जपायचे. आईला आता ती नजरेसमोर नकोशी झाली आहे, म्हणून विकायची. मला गाड्यांतलं काही कळत नाही. बॅटरी बदलून सुरू करून बघू का?

उत्तर: थांबा, सेल्फ मारू नका. एवढी एक गोष्ट ऐकलीत तरी तुमच्या बाबांची गाडी वाचेल.

तीन वर्षांत टाकीतलं पेट्रोल शिळं झालं आहे. हलका भाग उडून जातो, उरलेलं चिकट होतं, आणि पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळलेलं असेल तर ते हवेतली आर्द्रता ओढतं आणि शेवटी पाणी तळाशी वेगळं साचतं. व्हल्कन 900 ला कार्बोरेटर नाही, फ्युएल इंजेक्शन (दाबानं बारीक फवाऱ्यातून पेट्रोल सोडणारी यंत्रणा) आहे. पंप टाकीच्या आतच असतो. तुम्ही सेल्फ मारलात की ते शिळं पेट्रोल आणि तळाचा गंज पंपातून इंजेक्टरपर्यंत जाईल. मग साधं टाकी-सफाईचं काम महागाच्या दुरुस्तीवर जातं.

विश्वासाचा मेकॅनिक घरी बोलवा. तो पेट्रोल काढून टॉर्चच्या उजेडात टाकीच्या आत बघेल. प्लग काढून सिलिंडरमध्ये ऑइलचे थेंब सोडेल आणि इंजिन आधी हातानं फिरवेल. इंजिन ऑइल आणि फिल्टर बदलायचे, कूलंट बदलायचं (ही गाडी लिक्विड-कूल्ड आहे) आणि ब्रेक ऑइलही. ब्रेक ऑइल न चालवताही खराब होतं, कारण ते ओलावा शोषतं; डॉट 4 (ब्रेक ऑइलची एक प्रत) कोरं असताना 230 अंश सेल्सिअसच्या पुढे उकळतं, पण पाणी मुरल्यावर तो आकडा 155 पर्यंत खाली येऊ शकतो. मागच्या चाकाला चेनऐवजी बेल्ट आहे, त्याच्या दातांच्या मुळाशी भेगा आहेत का आणि कुठे खडा रुतून भोक पडलं आहे का, ते बघायला सांगा. टायर एकाच जागी उभे राहून सपाट झाले असतील. त्यांची तारीख कशी वाचायची ते वर लिहिलं आहेच.

दुसरा मार्ग, आहे तशी विकायची. "तीन वर्षं उभी, सुरू करून बघितलेली नाही" असं स्पष्ट लिहून. तो पर्यायही प्रामाणिक आहे, पण घेणारा सगळं वाईटात वाईट धरून भाव सांगेल. तुमची गाडी जपलेल्या माणसाची आहे, म्हणून मी पहिला मार्ग सुचवते; वरचं काम मोठं वाटलं तरी बहुतेक ते तेल-पाण्याचंच आहे, आणि सुरू होऊन नीट चालणाऱ्या गाडीत आणि झाकून ठेवलेल्या गाडीत किमतीचा फरक त्या खर्चापेक्षा बराच जास्त असतो. बेल्ट, पंप किंवा इंजिनातच मोठं काही निघालं तर मात्र तिथेच थांबा आणि आहे तशी विका.

त्याआधी कागदपत्रं बघा. गाडी बाबांच्या नावावर असेल तर ती आधी वारसाच्या नावावर करून घ्यावी लागेल, किंवा तुमच्याकडे जे काही वारसाहक्काचं पत्र लागत असेल ते हातात असावं लागेल. जाहिरात त्यानंतरच. नाहीतर गिऱ्हाईक पैसे घेऊन उभं राहतं आणि सही कुणी करायची हे ठरत नाही.

आणि बाबांचं कपाट, टूलबॉक्स, गाडीच्या सीटखालची जागा नीट शोधा. जपणारी माणसं पावत्या टाकत नाहीत. दुसरी किल्ली, मॅन्युअल, किल्लीच्या नंबरचा बिल्ला, मूळ पाने-स्क्रूड्रायव्हरची पिशवी, सगळं एका डब्यात ठेवा. आई जवळ असेल तर तिलाही विचारा. कोणती वही कुठे असायची हे तिला माहीत असेल.

प्रश्न: माझ्या हार्ले स्पोर्टस्टर 883 वर मी भरपूर खर्च केलाय. सायलेन्सर, एअर फिल्टर, उंच हँडल, चामड्याच्या बॅगा, विंडशील्ड. हे सगळं किमतीत कसं धरायचं?

उत्तर: बहुतेक धरायचं नाही. तुम्ही ते तुमच्या आवडीसाठी लावलंत आणि त्याचा आनंद घेतलात. घेणाऱ्याची आवड वेगळी असेल, आणि निम्म्यांना तर ती गाडी मुळात कशी होती तेच बघायचं असतं.

मूळ सुटे भाग जपून ठेवलेत का, यावर सगळं अवलंबून आहे. ठेवले असतील तर तुमचा हात वर आहे. हँडल आणि सायलेन्सर मूळचे परत लावा, काढलेले वेगळे विका. दोन्हीची बेरीज जवळजवळ नेहमीच जास्त होते. उंच हँडलसाठी वायरी आणि ब्रेकची होज लांब केली असेल तर मूळ हँडल लावताना त्याही मूळच्या हव्यात, नाहीतर टाकीपुढे त्यांचा गुंता होतो. बॅगा आणि विंडशील्ड पटकन निघणारे असतील तर ते लांबच्या प्रवासाची आवड असलेल्याला गाडीबरोबर देऊ करा. मागची पाठटेक आणि लेग गार्ड मात्र राहू द्या. त्यांना बहुतेक लोक हो म्हणतात.

गाडी इंजेक्शनची असेल तर, सायलेन्सर आणि फिल्टर बदलल्यावर इंजेक्शनचं मॅपिंग (किती पेट्रोल सोडायचं याची सेटिंग) करून घेतलं होतं का, हे मी विचारणारच. नसेल तर इंजिन इतके दिवस हवा जास्त आणि पेट्रोल कमी अशा मिश्रणावर, गरम चाललं आहे. केलं असेल तर त्याची पावती फाइलमध्ये सगळ्यात वर ठेवा. मूळ सायलेन्सर परत लावणार असाल तर मॅपिंगही मूळचं करून घ्या. आवाजाचे नियम जिथे कडक असतात तिथे मूळ सायलेन्सर नसलेली गाडी नावावर करतानाही अडचण येऊ शकते.

जाहिरातीत साल ठळक लिहा. स्पोर्टस्टरचं इंजिन 2004 च्या मॉडेलपासून रबर माउंटिंगवर (रबराच्या आधारांवर) आलं आणि 2007 पासून कार्बोरेटर जाऊन इंजेक्शन आलं. घेणाऱ्यांत कंपनं कमी हवीत असे असतात आणि कार्बोरेटरच हवा असेही असतात, दोघेही सालावरूनच ठरवतात. व्हॉल्व्हचं अंतर सेट केल्याची नोंद मात्र तुमच्याकडे नसेल तर काळजी नको. तुमच्या इंजिनाला हायड्रॉलिक लिफ्टर (ते अंतर ऑइलच्या दाबानं आपोआप राखणारे भाग) आहेत, ते काम त्यात नसतंच. अर्धवट माहितीचा एखादा घेणारा त्यावरून भाव पाडायला बघेल, तेव्हा त्याला हे शांतपणे सांगा.

प्रश्न: ट्रायल द्यावी की नाही? अनोळखी माणसाच्या हातात गाडी द्यायला जीव होत नाही.

उत्तर: न चालवता कुणी घेऊ नये, असं मी माझ्या गिऱ्हाइकांना सांगते, त्यामुळे तुम्हाला नाही म्हणा असं सांगू शकत नाही. पण क्रम पाळा.

आधी त्याला मागे बसवून तुम्हीच फिरवून आणा. इंजिन, गिअर, ब्रेक यांचं पुष्कळसं त्यातच कळतं, आणि फक्त हौसेनं आलेला असेल तर त्याची हौस तिथेच भागते. त्यानंतरही त्याला चालवायची असेल तर अशा मोटरसायकलचा परवाना बघा, तुमचा विमा दुसऱ्या चालकाला लागू होतो का ते आधीच विचारून ठेवा, आणि ठरलेली पूर्ण रक्कम तुमच्या हातात येऊ द्या. "माझी कार इथेच ठेवतो" हे तारण नव्हे. ती कार कुणाची आहे ते तुम्हाला माहीत नसतं. गाडी पडली तर खर्च कुणाचा, हे एका ओळीत लिहून दोघांनी सही करा.

पडण्याची शक्यता खरी आहे. क्रूझरची सीट इतकी खाली असते की पाय टेकतात आणि माणसाला गाडी हलकी वाटते. पण यातल्या पुष्कळ गाड्या अडीचशे किलोच्या आसपास, काही तीनशेच्याही वर असतात. वेगात ते वजन जाणवत नाही. हळू वेगात हँडल पूर्ण वळवून पुढचा ब्रेक दाबला की एका क्षणात गाडी त्या बाजूला बसते. म्हणून त्याला तुमच्या फाटकातून बाहेर काढायला लावू नका. गाडी मोकळ्या, सरळ रस्त्यावर तुम्हीच नेऊन उभी करा, आणि यू-टर्न घेण्याआधी थांबायला सांगा. दिवसाउजेडी, सोबत घरचं कुणीतरी असताना.

प्रश्न: पैसे कसे घ्यावेत? गाडीवर थोडं कर्जही बाकी आहे.

उत्तर: कर्जाचं जाहिरातीतच सांगा आणि बँकेकडून बाकी रकमेचं पत्र आधी आणा. शक्य असेल तर व्यवहार त्याच बँकेत बसून करा: त्याचे पैसे आले, कर्ज फिटलं, ना-हरकत पत्राची तारीख मिळाली, सगळं एकाच टेबलावर.

पैसे आल्याचा मेसेज किंवा फोनवर दाखवलेला फोटो म्हणजे पैसे नव्हेत. स्वतःच्या खात्यात, स्वतःच्या फोनवरून बघा. जमा दिसल्याशिवाय किल्ली देऊ नका. चेक न वटता परत येऊ शकतो, ड्राफ्टही खोटा निघू शकतो. गाडी न बघता "मी परगावी आहे, माणूस पाठवतो, जास्तीचे पैसे पाठवतो ते वाहतूकवाल्याला द्या" असं कुणी म्हणालं तर फोन ठेवा. हा फसवणुकीचा जुना आणि अजूनही चालणारा प्रकार आहे.

इसार घेतलात तर पावती द्या आणि त्यावर तारीख लिहा, कोणत्या दिवसापर्यंत गाडी त्याच्यासाठी थांबेल. विक्रीच्या कागदावर दोघांची नावं, इंजिन आणि चेसिस नंबर, मीटरवरचे किलोमीटर, तारीख आणि वेळसुद्धा हवी. वेळ महत्त्वाची आहे: संध्याकाळी पाचला गाडी गेली आणि सहाला सिग्नल मोडला, तर तो कुणाचा हे त्यावरूनच ठरतं. मालक बदलल्याची सूचना नोंदणी कार्यालयाला त्याच दिवशी द्या. घेणारा "मी करून घेतो" म्हणेल. करेलही, पण तुमच्याकडून द्यायची सूचना तुम्हीच द्या आणि पोच जपून ठेवा.

प्रश्न: फोन करणारे गाडी न बघताच "फायनल किती?" विचारतात. काय सांगू?

उत्तर: "गाडी बघा, मग बोलू." एवढंच, आणि न चिडता. न बघितलेल्या गाडीचा भाव एकदा खाली आणलात की तोच भाव समोरासमोर वाटाघाटीची सुरुवात होतो. जो खरंच येतो, गार इंजिन ऐकतो, फाइल चाळतो, त्याच्यासाठी थोडी जागा मनात ठेवलेली असू द्या. माझ्याबरोबर आलेली माणसं अशा मालकाशी फार घासाघीस करत नाहीत. आणि तो परत जाऊन विचार करतो म्हणाला तर त्याचा नंबर घेऊन ठेवा, दुसऱ्या कुणाचा इसार घेण्याआधी त्याला एक फोन करा.